तूर डिसेंबरच्या आत उतरली पाहिजे

आफ्रिकेतली तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते. आपली निघते डिसेंबर-जानेवारीत. मधल्या तीन-चार महिन्यांत आपल्याकडच्या डाळ मिलांचा जुना माल संपत आलेला असतो आणि नेमका तेव्हाच सणावारांमुळे डाळीचा खप वाढलेला असतो. मोझांबिक, टांझानिया, मलावी इथली तूर याच फटीत न्हावा-शेवाला उतरते. वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे घाऊक धान्यबाजारात, आयात तुरीचा सगळा हिशेब या फटीवर चालतो. माल दिवाळीच्या मागेपुढे आला तर मिलवाला दारात उभा राहतो. तोच माल संक्रांतीला आला तर तो उदगीर, लातूर, अकोल्याच्या नव्या तुरीच्या अंगावर येऊन पडतो. मग आयातदारही बुडतो आणि शेतकऱ्याचा भावही पडतो.

२०२४ च्या हंगामात मी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर तूर आणली. या धंद्यात उतरू पाहणारे बरेच जण मला विचारतात, म्हणून त्या वेळी काय काय झालं ते लिहिते आहे.

माझे वडील, आबा, मापाडी होते. मशीद बंदरच्या जुन्या दाणाबंदरात त्यांनी सुरुवात केली आणि बाजार वाशीला हलला तेव्हा तेही इकडे आले. मी बी.कॉम. झाल्यावर बेलापूरच्या एका कस्टम क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला लागले. पुढे भावाबरोबर दाणाबंदरात भाड्याचा गाळा घेतला. मोठ्या आयातदारांकडून बंदरावरचा माल घ्यायचा आणि राज्यातल्या डाळ मिलांना द्यायचा, असा आमचा व्यवहार होता. लेमन म्हणजे म्यानमारची तूर, गजरी म्हणजे मोझांबिकची, मटवारा आणि अरुशा टांझानियाच्या. ही नावं आमच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. नमुना हातावर घेतला की दाण्याचा रंग आणि आकार बघून माल कुठला ते सांगता येतं.

कागदपत्रांची सुरुवात सोपी आहे. डीजीएफटीकडून (परकीय व्यापार महासंचालनालय) आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर, कस्टमच्या प्रणालीत नोंदवणं, आयातदार म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना आणि बाहेरची कीड-रोग रोखणाऱ्या प्लांट क्वारंटाइन खात्याचं इम्पोर्ट परमिट. यातलं परमिट माल निघायच्या आधी हातात हवं. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परमिट आणि निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र या दोन्हींशिवाय डाळीचा दाणा बंदराबाहेर जात नाही. हे सगळं घरी बसून, पोर्टलवर होतं. त्यासाठी कुणाला पैसे चारावे लागत नाहीत.

खरं काम आहे करारात. सप्टेंबरमध्ये आम्ही पाच कंटेनर गजरीचा सौदा केला. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण चोवीस टन माल बसतो, म्हणजे पन्नास किलोचे चारशे ऐंशी कट्टे. भाव डॉलरमध्ये, टनामागे, न्हावा-शेवा पोहोच. ओलावा, काडीकचरा, डागी दाणा, किडका दाणा यांची कमाल टक्केवारी करारात लिहिली. थोडी रक्कम आगाऊ आणि बाकीची रक्कम कागदपत्रं बँकेत आल्यावर. शिपमेंट ऑक्टोबरची.

त्या पावसाळ्यात तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर होती. सरकारने २१ जून २०२४ ला तूर आणि हरभऱ्यावर साठ्याची मर्यादा घातली होती. घाऊक व्यापाऱ्याला दोनशे टन, किरकोळ दुकानदाराला पाच टन, आणि आयातदाराने कस्टममधून सुटलेला माल पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ही मर्यादा ३० सप्टेंबरला संपली. सीमाशुल्क शून्य होतं आणि ती सवलत ३१ मार्च २०२५ पर्यंत जाहीर झालेली होती. आम्ही सौदा केला तेव्हाचं चित्र हे असं होतं.

तेव्हा आमच्या दलाल काकांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांची सगळी हयात कडधान्यात गेली आहे. म्हणाले, "ताई, भाव रोज बघू नकोस. सरकारचं राजपत्र रोज बघ." त्यांचा अनुभव तसाच होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांनी तूर इतकी पेरली की २०१६-१७ मध्ये ५०५० रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कमी भावाने ती विकावी लागली. मग ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. पिवळ्या वाटाण्याचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये पन्नास टक्के शुल्क, डिसेंबर २०१९ मध्ये किलोला दोनशे रुपयांची किमान आयात किंमत आणि उतरायचा तर फक्त कोलकात्यात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकदम शून्य शुल्क. अशा बदलांमध्ये बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या शिपिंग लाइनच्या पावतीवरची, तारीख निर्णायक ठरते. अमुक तारखेपर्यंत माल बोटीवर चढला असेल तर जुना नियम, नाहीतर नवा. समुद्रावरच्या मालाचं नशीब त्या एका तारखेवर असतं.

आमच्या बाबतीत नियम बदलला नाही. आमची तारीखच हुकली.

९ ऑक्टोबर २०२४ ला मोझांबिकमध्ये निवडणूक झाली आणि निकालावरून देशभर आंदोलनं पेटली. रस्ते अडवले गेले, ट्रक थांबले. तूर पिकते झांबेझिया आणि नांपुला प्रांतांत, आणि तिथून ती नाकाला बंदरावर ट्रकनेच येते. आमचा माल गोदामात भरून तयार होता. सर्व्हेअरने, म्हणजे माल तपासणाऱ्या तटस्थ माणसाने, नमुने घेतले होते, फोटो पाठवले होते, पण तो बंदराच्या आवारात पोहोचत नव्हता. निर्यातदार रोज रात्री फोनवर बोलायचा. तो माणूस सचोटीचा होता. जे होतं ते सांगत होता. माझ्या हातात फक्त वाट बघणं होतं.

त्या काळात दोन निर्णय घेतले आणि दोन्हींनी आम्हाला तारलं. पहिला डॉलरचा. ऑक्टोबरमध्ये डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. भाऊ म्हणत होता थांबू, खाली येईल. मी बँकेकडून फॉरवर्ड कव्हर घेतलं, म्हणजे पुढच्या पैशांचा दर आजच बांधून टाकला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डॉलरने पंच्याऐंशी ओलांडले. तूर खाली आणि डॉलर वर, या कात्रीत त्या महिन्यात बरेच जण सापडले. दुसरा निर्णय, दोन कंटेनर माल समुद्रावर असतानाच अकोल्याच्या एका मिलला विकून टाकले. याला आमच्याकडे हाय सी म्हणतात. मग कस्टमची एंट्री घेणाऱ्याच्या नावावर होते आणि माल सोडवायचं काम त्याचं. भाव सप्टेंबरइतका मिळाला नाही, पण मिळाला तो नंतर बघायलाही मिळाला नसता.

नोव्हेंबरच्या शेवटी माल बोटीवर चढला. त्यानंतर १५ डिसेंबरला चिडो चक्रीवादळ उत्तर मोझांबिकवर आदळलं. ज्यांचा माल आमच्या मागे राहिला होता त्यांची आणखी परवड झाली.

बोट वाटेत असताना उदगीरहून माझ्या दिराचा फोन आला. त्यांची आठ एकर तूर आहे, पाण्याची सोय बेताची. म्हणाले, "वहिनी, तुमची बोट कधी लागायलीय ते सांगा. माझी तूर मी त्याच्या आधी घालतो मोंढ्यात." त्यांनी ते साध्या व्यवहाराने विचारलं होतं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या पाच कंटेनरांनी उदगीरचा भाव हलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासारखे शेकडो कंटेनर एकाच आठवड्यात उतरले की हलतो. २०२४-२५ या वर्षात देशात सगळ्या कडधान्यांची मिळून सुमारे त्र्याहत्तर लाख टन आयात झाली. आजवरची सर्वांत जास्त. त्यात स्वस्त पिवळा वाटाणा मोठ्या प्रमाणात होता आणि त्याने हरभऱ्यापासून तुरीपर्यंत सगळ्यांचेच भाव दाबले. आपल्याकडे डाळ पुरत नाही, म्हणून आयात लागणारच. पण ती कधी उतरते, हा प्रश्न किती उतरते याइतकाच मोठा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता बंदराकडे येते.

बोट लागायच्या आधीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं विवरण, भरावं लागतं. बोट ज्या दिवशी येणार त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते गेलं नाही तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि पुढे रोज दहा हजार रुपये उशिराचा आकार लागतो. आमचं वेळेत गेलं. तीच माहिती प्लांट क्वारंटाइन आणि एफएसएसएआयकडे सिंगल विंडोतून, म्हणजे कस्टमच्या एकत्रित प्रणालीतून, आपोआप पोहोचते. आमचे तीन कंटेनर बंदरातून द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये गेले. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनर उघडायचं आणि तपासायचं आवार. बेलापूरहून उरण लोकल पकडली की द्रोणागिरी स्टेशनला उतरता येतं. जानेवारी २०२४ मध्ये ही लाइन उरणपर्यंत सुरू झाली, त्याआधी त्या ट्रेलरच्या रांगांतून जायला अर्धा दिवस मोडायचा.

कंटेनरचं दार उघडलं की पहिला येतो वास. चांगल्या तुरीला कोरडा, मातकट, थोडा भुसकटासारखा वास असतो. कुबट वास आला की छाती धडधडते. समुद्रावर दिवसा तापमान वाढतं, रात्री उतरतं, आणि कंटेनरच्या छताला आतून घाम येतो. ते पाणी वरच्या थरातल्या कट्ट्यांवर ठिबकतं आणि तिथे तुरीचे गठ्ठे होतात, बुरशी धरते. म्हणून माल भरताना बाजूंना आणि वरती जाड कागद लावायचा आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, अशी अट आम्ही करारात घातली होती. ती त्यांनी पाळली होती. वरचे कट्टेही कोरडे निघाले.

क्वारंटाइनच्या अधिकारी तरुण होत्या. त्यांनी दारातले चार कट्टे बघून काम उरकलं नाही. आतले कट्टे ओढायला लावले, परखी (कट्ट्यात खुपसायची टोकदार नळी) घालून नमुने काढले, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरले आणि भिंग घेऊन बसल्या. एका कंटेनरच्या नमुन्यात जिवंत भुंगेरे सापडले. तुरीचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. अळी दाण्याच्या आत वाढते आणि भुंगेरा झाल्यावर गोल भोक पाडून बाहेर पडते. बाहेरून दाणा धडधाकट दिसत असताना आत कीड असू शकते. निघायच्या आधी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिल्याचं फायटो प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं. पण धुरी दिल्यावर माल आंदोलनामुळे गोदामात पडून राहिला होता, आणि धुरीचा असर काही नंतर टिकत नाही. बाहेरून नवी कीड लागू शकते.

अधिकाऱ्यांनी पुन्हा धुरी द्यायचा आदेश दिला. मला त्यांचा राग आला नाही. बाहेरची एखादी कीड आपल्या शिवारात आली तर ती काढायला पिढ्या जातात. आमच्या दिराच्या आठ एकरांचं रक्षण त्या ट्रेवर वाकून बसलेल्या बाईच करत होत्या. धुरीचं काम सरकारमान्य एजन्सीच करते. दारं ताडपत्रीने आणि वाळूच्या लांबट पिशव्यांनी हवाबंद करतात, नळीतून वायू सोडतात, कवटीचं चिन्ह असलेला फलक लावतात. मिथाइल ब्रोमाइडने चोवीस तासांत काम होतं. फॉस्फीनच्या गोळ्या स्वस्त असतात, पण त्यांना कितीतरी दिवस लागतात आणि बंदरावर दिवस म्हणजेच पैसा. मिथाइल ब्रोमाइड हा वायू ओझोनचा थर खातो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार जगभर त्याचा वापर बंद होत गेला. क्वारंटाइनसाठी मात्र मुभा आहे. वायू पूर्ण बाहेर काढल्यावर फेरतपासणी झाली आणि रिलीज ऑर्डर मिळाली.

एफएसएसएआयचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. ओलावा, काडीकचरा, किडका दाणा, युरिक अॅसिड, अफ्लाटॉक्सिन अशा गोष्टी त्यात बघतात. अहवाल चांगला आला.

या काळात तीन मीटर चालू असतात. शिपिंग लाइनचे मोफत दिवस संपले की कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो अडकवून ठेवल्याचा आकार, लागतं, सीएफएसचं जागाभाडं वेगळं, आणि बँकेतल्या पैशांचं व्याज वेगळं. शिपिंग लाइनने आमच्या बिलात धुरीच्या काळाचं डिटेन्शनही लावलं. बुकिंगच्या वेळी जास्तीचे मोफत दिवस लेखी मागून घेतले होते. तो मेल दाखवल्यावर त्यांनी बिल दुरुस्त केलं, पण त्यासाठी मला त्यांच्या कार्यालयात जाऊन बसावं लागलं. फोनवर कुणी दाद देत नव्हतं.

आणि हे सगळं होण्यापूर्वी बँकेतली कागदपत्रं सोडवायची होती. डिसेंबरच्या शेवटी पैसे भरून मूळ बिल ऑफ लेडिंग उचलायचं होतं, आणि तोवर बाजार इतका उतरला होता की कागदावरच आम्ही तोट्यात होतो. अशा वेळी बाजारात एक सल्ला हमखास मिळतो. कागदपत्रं उचलू नका, निर्यातदाराला भाव कमी करायला लावा. माल परदेशी बंदरात अडकलेला, रोजचं भाडं चढतंय, बिचारा कुठे जाणार? बरेच जण असं करतात. मला ते मान्य नाही. नाकाल्यातल्या त्या माणसाने गावोगावच्या शेतकऱ्यांकडून रोख पैसे देऊन तूर घेतली होती. त्याच्या देशात रस्ते पेटलेले असताना त्याने आमचा माल चढवला होता. आबांना विचारलं. ते म्हणाले, "काट्यावर एकदा वजन बोललं की बोललं." आम्ही पैसे भरले.

माल सुटला तेव्हा संक्रांत झाली होती. उदगीर, लातूर, कर्नाटकातलं कलबुर्गी, सगळीकडे नवी तूर जोरात येत होती आणि भाव ७५५० रुपये हमीभावाच्या आसपास घुटमळत होता. त्यातच जानेवारीत सरकारने शून्य शुल्काची मुदत आणखी एक वर्षाने, ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. ऐन आवकेच्या महिन्यात हा निर्णय का? तो पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर केला असता तर शेतकऱ्याला काय पेरायचं ते ठरवता आलं असतं आणि आम्हालाही काय मागवायचं ते. शेतकरी आणि आयातदार यांना नेहमी समोरासमोर उभं केलं जातं. या एका बाबतीत दोघांची मागणी एकच आहे, आणि ती कुणी मोठ्याने करत नाही.

विकायला दोन वाटा होत्या. एक कंटेनर आम्ही वाशीत आणला. माथाडी टोळीच्या मुकादमांनी आबांची ओळख ठेवून सकाळी पहिला ट्रक आमचा लावला. पोरांनी कट्टे उतरवून थप्पी लावली, काट्यावर घट अगदी किरकोळ निघाली. काकांनी नमुन्याच्या पुड्या बांधून बाजारात फिरवल्या. गजरी बारीक असते. आपल्या मारुती किंवा बीडीएन ७११ या वाणांसारखी तिची डाळ भरदार दिसत नाही, म्हणून आवक जोरात असताना मिलवाला तिच्याकडे वळून बघत नाही. जो घेतो तो मिसळायला घेतो. क्विंटलभर तुरीतून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ पडते, बाकी चुनी (बारीक तुकडे) आणि भुसा. दोन किलोचा फरक पडला तरी मिलचा सगळा नफा इकडचा तिकडे होतो, म्हणून ते घासाघीस करतात आणि ती त्यांनी करावीच. तो कंटेनर थोडा थोडा करून गेला.

उरलेले दोन थेट द्रोणागिरीवरून अकोल्याला गेले, हाय सीवर माल घेतलेल्या त्याच मिलकडे. त्यांनी आधीच्या मालाची डाळ पाडून बघितली होती आणि समाधानी होते. पैसे मुदतीने आले, पण पूर्ण आले. पाच कंटेनरांचा एकत्र हिशेब केला तेव्हा थोडा तोटा निघाला. दोन आधी विकले नसते आणि डॉलर बांधला नसता, तर गाळा सोडावा लागला असता.

दिरांनी तूर जानेवारीच्या सुरुवातीलाच मोंढ्यात घातली. नंतर विकणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांना क्विंटलमागे बरे पैसे मिळाले.

२०२५ च्या करारात त्याच निर्यातदाराशी आम्ही नुसता शिपमेंटचा महिना लिहिला नाही. बिल ऑफ लेडिंगची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, त्यानंतर माल घ्यायचा की नाही हे आमच्या मर्जीवर, आणि धुरी माल बोटीवर चढायच्या आधीच्या आठवड्यातली. आगाऊ रक्कम आम्ही वाढवून दिली, म्हणजे शेतकऱ्यांकडून माल लवकर उचलता येईल. या अटींसाठी त्याने टनामागे काही डॉलर जास्त मागितले, आणि आम्ही ते कबूल केले.